चार भाडेकरू आणि एक आडनाव

गेल्या पावसाळ्यात आम्ही घरची पाच जणं लोहगडवाडीला एका रात्रीच्या मुक्कामाला गेलो होतो. जायच्या आधी खोलीसाठी फोन केला, तर पलीकडून पहिला प्रश्न आला, "फॅमिली हाय का नुसती पोरं?" मी म्हटलं, "फॅमिली आहे. बायको, दोन मुलं आणि माझी आई." "मग या," म्हणून मावशींनी फोन ठेवलाही. नाव विचारलं नाही. लोहगड, विसापूर, पवनेच्या काठची तंबूवाली मंडळी, सगळीकडे आता ही अट पाठ झाली आहे. फक्त फॅमिली. त्यांचीही चूक म्हणता येत नाही. शनिवारी रात्री शहरातली टोळकी येऊन काय धिंगाणा घालतात ते निस्तरायला दुसऱ्या दिवशी गावातल्या बायकाच असतात.

गडावर जाणं काही झालं नाही. पाऊस असा की वाडीतूनच गड दिसेना. दुपारभर मावशींच्या पुढच्या खोलीत बसलो. कांदाभजी, चहा आणि टीव्ही. टीव्हीवर लागला होता 'अशी ही बनवाबनवी'. पावसात अडकलेल्या मराठी घरात दुसरं काय लागणार म्हणा! मावशींचा नातू सातवी-आठवीतला. सिनेमा त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा, पण प्रत्येक वाक्य पडद्यावरच्या माणसाच्या आधी ह्याच्या तोंडून यायचं. माझी आई लक्ष्याची पार्वती आली की तोंडाला पदर लावून हसायची. बायको मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ह्यांचं बरं होतं. साडी नेसली की घर मिळालं."

हा लेख त्या एका वाक्यातून निघाला आहे.

कथा तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी पुढच्या बोलण्यापुरती सांगतो. पुण्यात नोकरी करणारा धनंजय माने, त्याचा भाऊ शंतनू, मित्र सुधीर आणि परशुराम. एकट्याची खोली, आणि मित्र एकामागून एक येऊन टेकतात. घरमालक विश्वासराव सरपोतदार त्यांना बाहेर काढतो. नवी मालकीण लीलाबाई काळभोर जागा देते, पण जोडप्यांनाच. मग सुधीरची सुधा होते, परशाची पार्वती होते आणि दोन मानेबंधू आपापल्या 'बायका' घेऊन बंगल्यात राहायला जातात. २३ सप्टेंबर १९८८ ला सिनेमा लागला. दिग्दर्शन सचिनचं, लेखन वसंत सबनीसांचं. सबनीस म्हणजे 'विच्छा माझी पुरी करा'चे लेखक. तमाशातल्या हजरजबाबीपणाचं पाणी ज्यांच्या लेखणीला होतं असा माणूस. त्या सत्तर रुपयांच्या आणि इस्राईलच्या औषधाच्या प्रसंगात ते पाणी दिसतं.

गोष्ट मूळची मराठी नाही. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' १९६६ चा, त्यात मेहमूद होता. त्याच्याही मागे १९५५ चा बंगाली सिनेमा आहे, 'जय माँ काली बोर्डिंग'. बनवाबनवीनंतर तेलुगूत, कन्नडमध्ये, पंजाबीतही ही गोष्ट गेली. कलकत्ता, मुंबई, पुणे, हैदराबाद. ज्या ज्या शहरात माणसं कामाला येत गेली आणि जागा कमी पडत गेली, त्या त्या शहरात चार पोरांना साडी नेसवावी लागली. मराठी विनोदी सिनेमाचं तर घराच्या टंचाईशी जुनं नातं. 'मुंबईचा जावई' १९७० चा. चाळीतल्या दीड खोलीत नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही एवढीच त्याची गोष्ट. दोन वर्षांत बासू चटर्जींनी ती हिंदीत 'पिया का घर' म्हणून केली. १९९१ च्या 'आयत्या घरात घरोबा'मध्ये मालक परदेशी गेला की अशोक सराफ त्याच्या रिकाम्या बंगल्यात राहतो. आपण पोट धरून हसलो ते बहुतेक वेळा छपरावरूनच.

सरपोतदार एवढा खडूस का, याचं उत्तर थोडं कायद्यात आहे. मुंबई राज्याचा भाडेनियंत्रण कायदा १९४७ चा. त्यात भाडं धरलं होतं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर. कायदा आला तो फाळणी आणि युद्धानंतरच्या टंचाईत, भाडेकरूचं रक्षण करायला, आणि ते त्यानं केलंही. पण वर्षं गेली, तांदूळ-तेलाचे भाव कुठल्या कुठे गेले आणि भाडं होतं तिथेच राहिलं. एकदा आत शिरलेला भाडेकरू निघायचा नाही, त्याची मुलं निघायची नाहीत. म्हणून मालक दारातच माणूस पारखून घ्यायचे. पागडी, मोठी अनामत, ओळखीच्याची चिठ्ठी, अकरा महिन्यांचा करार. नवा कायदा १९९९ ला झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात दर वर्षी चार टक्के वाढीची मुभा आली. म्हणजे बनवाबनवीतले मालक आणि भाडेकरू हे जुन्या कायद्याची लेकरं आहेत. पारख करायची हे मालकाच्या हाडात बसलं ते त्या काळात.

पारख कशावरून करायची? माणसाकडे बघून काय कळतं? आडनाव कळतं.

आता पात्रांची आडनावं बघा. सरपोतदार म्हटलं की पुणेरी ब्राह्मण घर आलं. (मराठी मूकपटांच्या काळातले नानासाहेब सरपोतदार आणि त्यांचं लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस जुन्या पुणेकरांना आठवेल. सबनीसांनी नाव तिथून घेतलं असं मी म्हणत नाही, पण पुण्यात या आडनावाला सिनेमाचा वास आहेच.) काळभोर म्हटलं की पूर्वेकडचं लोणी काळभोर, शेतीवाडीची, मोठ्या वाड्यांची मराठा माणसं. माने सातारा-सांगलीकडचे. म्हणजे सिनेमा जातीबद्दल एक अक्षर बोलत नाही, पण पुण्याचा सामाजिक नकाशा आडनावांतून बरोबर उभा राहतो. पेठेतला ब्राह्मण मालक, शहराच्या कडेच्या जमिनीची मराठा मालकीण, आणि मधे नोकरीला आलेली पोरं. बायकांच्या बाबतीत तर सिनेमा आपल्या काळाच्या पुढेच होता असं माझं मत आहे. अश्विनी भावेची माधुरी ही धनंजयची मालकीण आहे, त्याला पगार देणारी, आणि त्याबद्दल कुणी कुत्सित हसत नाही. १९८८ च्या मराठी सिनेमात हे थोडं नव्हे.

आणि आपण? मी हा सिनेमा निदान तीस वेळा पाहिला असेल. नाव लक्षात राहावं असं एकही मुसलमान पात्र त्यात मला भेटलेलं नाही. ही तक्रार मी सिनेमावर ठोकत नाही. प्रत्येक सिनेमात हजेरीपट घेऊन बसणारा वाचक मला आवडत नाही, आणि मुसलमान पात्र घालायचं म्हणून टोपी-दाढीवाला चाचा घातला असता तर ते दुप्पट वाईट झालं असतं. मला खटकतं ते वेगळं आहे. चौघांतल्या दोघांना बाई व्हावं लागलं. लिंग बदललं, आवाज बदलला, पार्वतीचं डोहाळजेवणसुद्धा झालं. पण घर मिळवायला त्यांच्यातल्या कुणालाच आडनाव बदलावं लागलं नाही. माने माने म्हणूनच राहिले. सोंगाचं हे एवढं मोठं गाठोडं, त्यात एवढी एकच गोष्ट नव्हती.

मी ती केली आहे. १९९६ साली.

मी सोलापूर जिल्ह्यातून पुण्यात शिकायला आलो. आम्ही तिघं मित्र. मध्यवस्तीतल्या एका पेठेत वाड्याच्या मागच्या बाजूला एक खोली होती. त्याआधी पाच ठिकाणी जाऊन आलो होतो. दोन ठिकाणी माझं नाव ऐकल्यावर खोली एकाएकी भाच्यासाठी राखून ठेवल्याचं मालकांना आठवलं होतं. एका मालकाला तर भाचा आहे की पुतण्या हेही नीट ठरवता आलं नाही. सहाव्या ठिकाणी माझा मित्र जिन्यातच म्हणाला, "बोलायचं मी. तू गप्प राहायचं." आणि काकूंना त्यानं माझी ओळख करून दिली, "हा शेखर." शेखचा शेखर. एका अक्षराची तर बाब! काकूंनी विचारलं, "शाकाहारी ना?" मी मान हलवली. म्हणजे खोटं एक नव्हे, दोन झाली.

काकू एकट्या होत्या. वयानं साठीच्या पुढच्या, गुडघे दुखणाऱ्या, स्वभावानं अतिशय चांगल्या. माझ्यावर त्यांचा जास्त जीव, कारण मी त्यांचं रेशन आणून द्यायचो आणि बँकेचा फॉर्म भरून द्यायचो. रविवारी त्यांच्याकडे टीव्ही बघायला आम्हाला मुभा होती. एका रविवारी बनवाबनवी लागला. लीलाबाई काळभोरांना फसवलेलं बघून काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "काय मेले सोंगं करतात," असं म्हणत माझ्याच पाठीवर थाप मारली. मीही हसत होतो. नाटक नव्हतं ते, खरंच हसू येत होतं. पण पार्वतीच्या डोक्यावरचा टोप जरा सरकला की माझा हात नकळत माझ्या खिशाकडे जायचा. खिशात कॉलेजचं ओळखपत्र असायचं.

माझं सोंग फुटलं ते अब्बांमुळे. घरची पत्रं मित्राच्या नावावर यायची असं ठरलं होतं. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. त्यांना हे मुळातच पटलेलं नव्हतं. एकदा त्यांनी पाकिटावर माझं संपूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, आणि मास्तरांचं अक्षर ते, वाचणाऱ्याला चुकायची सोयच नाही. पोस्टमननं पाकीट काकूंच्या हातात दिलं. संध्याकाळी त्यांनी मला एकट्याला बोलावलं. पाकीट फोडलेलं नव्हतं. म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर दिली नसती खोली. आता तुला जा म्हणवत नाही." मग थोडं थांबून, दाराकडे बघून हळूच, "पण वरच्यांना कळू देऊ नकोस. जिन्यात तू शेखरच."

पुढे मी चौदा महिने त्या वाड्यात राहिलो. खोलीत शेख, जिन्यात शेखर. ईदच्या दिवशी मोमीनपुऱ्यात मित्राच्या घरी जेवायचो आणि परत आल्यावर वरच्या मजल्यावरच्यांना सांगायचो की लग्नाला गेलो होतो. दुसऱ्या वर्षी ईदला परत आलो तर काकूंनी आत बोलावून दार लोटलं आणि विचारलं, "आमच्यासाठी शीरखुर्मा नाही आणलास?" मी आणला नव्हता. इतकी वर्षं झाली, ते आठवलं की अजून लाजल्यासारखं होतं, आणि नेमकं कशाची लाज वाटते ते सांगता येत नाही. त्यांनी मला घर दिलं होतं आणि नाव ठेवून घेतलं होतं. दोन्ही खरं आहे.

यावर कुणी म्हणेल, सोंग ते सोंग, एवढं काय. पण कुठलं सोंग आपल्याला गोड लागतं आणि कुठलं लागत नाही, याचा मराठी रंगभूमीवर एक मोठा दाखला आहे. बालगंधर्व. पुरुषानं शालू नेसून स्त्री व्हावं आणि घरंदाज बायकांनी त्यांच्यासारखं नेसायला, केस बांधायला शिकावं, एवढं प्रेम महाराष्ट्रानं त्यांच्यावर केलं. नंतर त्यांच्या आयुष्यात गोहरबाई कर्नाटकी आल्या. विजापूरकडच्या, अमीरबाई कर्नाटकींच्या सख्ख्या बहीण, उत्तम गाणाऱ्या, बालगंधर्वांची गायकी गळ्यात मुरवलेल्या. त्या कंपनीत आल्या, रंगमंचावर उभ्या राहिल्या, म्हाताऱ्या आणि कर्जबाजारी नटाला सांभाळलं. पण पुरुषाला रुक्मिणी म्हणून डोक्यावर घेणाऱ्या पुष्कळ रसिकांना ही खरीखुरी बाई काही मानवली नाही. गंधर्वांचं वाटोळं हिनं केलं, हे बोलणं आजही जुन्या मंडळींच्या तोंडी येतं. शालूतला पुरुष चालला. गोहर नावाची बाई चालली नाही.

आणि घरासाठी नाव बदलण्याचा आपल्याकडचा सगळ्यांत जाळणारा प्रसंग विनोदी नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. ते एका पारशी विश्रामगृहात गेले. तिथे फक्त पारशांना जागा. रखवालदाराला गिऱ्हाईक हवंच होतं, म्हणून नोंदवहीत पारशी नाव लिहायचं ठरलं. रोजचे दीड रुपया. वरच्या मजल्यावर एकटे, अंधारात, पडक्या सामानाच्या सोबतीनं ते दहा दिवस राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळच्या आत बाहेर. एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिस्ती मित्राला विचारलं, दोघांनी आपापल्या परीनं नाही म्हटलं. बागेत बसून त्यांनी रात्रीच्या गाडीची वाट पाहिली. हे सगळं त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आठवणींत स्वतः लिहून ठेवलं आहे. बनवाबनवीचा सगळा आराखडा त्यात आहे. मिळत नसलेली जागा, मालकाची अट, बदललेली ओळख, फुटलेलं बिंग. फक्त हसायला जागा नाही.

त्याच आठवणींत आणखी एक प्रसंग आहे आणि तो वगळून मला पुढे जाता येणार नाही, कारण तो आपल्या माणसांचा आहे. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला बघायला गेले. प्रवासाची धूळ धुवावी म्हणून किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर हातपाय धुतले. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान ओरडत आला की ह्यांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव जमला. महिना रमजानचा होता. बाबासाहेबांनी विचारलं, हाच का तुमचा धर्म? उद्या आमच्यातला कुणी मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल का? कुणाकडे उत्तर नव्हतं. शेवटी आत सोडलं ते बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, पाण्याला हात लागू नये म्हणून. आपल्याला घर मिळत नाही हे मी जेव्हा जेव्हा लिहितो, तेव्हा मी स्वतःला दौलताबादचा हौद आठवायला लावतो. कोंढव्यात आपल्यातल्याच एका घरमालकानं जागा देताना माझ्या ओळखीच्या माणसाला "कुठल्या जमातीचे?" असं विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

उलट बाजूची आठवणही याच शहरात आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असं आपण फुल्यांच्या चरित्रांतून वाचत आलो आहोत. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमेचं नावही आहे. पुण्यात एका शेखानं मालक म्हणून दार उघडल्याची ही गोष्ट. तिच्यावर अजून कुणाला धड सिनेमा सुचलेला नाही, विनोदी तर लांबच.

शेजाराचा सिनेमा मात्र पुण्यात झाला, आणि तोही बनवाबनवीच्या घरातच. बनवाबनवीचे निर्माते किरण शांताराम. त्यांचे वडील व्ही. शांताराम यांनी प्रभातमध्ये असताना १९४१ साली 'शेजारी' केला. हिंदीत तोच 'पडोसी'. लेखक विश्राम बेडेकर. गावातले दोन म्हातारे, पाटील आणि मिर्झा, रोज बुद्धिबळ खेळणारे. धरण बांधायला आलेला ठेकेदार दोघांत भांडण लावतो, आणि शेवटी धरण फुटतं तेव्हा दोघं एकमेकांचे हात धरून पाण्यात जातात. १९४० च्या लाहोर ठरावाला वर्षही झालं नव्हतं. मराठीत पाटील केशवराव दाते आणि मिर्झा गजानन जागीरदार. हिंदीत तर ठाकूर केला मझहर खाननं आणि मिर्झा पुन्हा जागीरदारांनी. मुसलमान नट हिंदू म्हातारा आणि हिंदू नट मुसलमान म्हातारा. सोंगच हेही! पण हे सोंग लपवायचं नव्हतं, जाहिरातीत नावं होती, लोकांनी ती वाचूनच तिकिटं काढली.

बापाचा सिनेमा १९४१ चा, मुलाचा १९८८ चा. पहिल्यात शेजारी मुसलमान आहे आणि तो मरतो. दुसऱ्यात कुणी मरत नाही, सगळ्यांची लग्नं होतात, आणि मुसलमान नाहीच. मला यातून कुणावर आरोप करायचा नाही. 'शेजारी'तला मिर्झा भला आहे, पण जरा जास्तच भला आहे. एकतेचा धडा द्यायला उभा केलेला माणूस तसाच होतो. सिनेमात दोनच प्रकारे यायची परवानगी असेल, एक तर धडा म्हणून नाही तर खलनायकाचा पित्त्या म्हणून, तर न आलेलं बरं असं वाटायला लागतं. विनोदी सिनेमात येणं त्याहून अवघड. विनोदात माणसाला लुच्चा, भित्रा, उधार बुडवणारा, प्रेमात मूर्ख असण्याची मोकळीक लागते. धनंजय माने सत्तर रुपये बुडवतो आणि आपल्याला तो आणखी आवडतो. तेच सत्तर रुपये एखाद्या अस्लमनं बुडवले असते तर? थेटरातल्या हशाचा आवाज तोच आला असता का, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

म्हणून 'सैराट' पाहताना मला सल्या आवडला. २०१६ चा सिनेमा, गाव करमाळ्याकडचं, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. परशाचा मित्र सल्या म्हणजे सलीम, काम केलं अरबाज शेख या पोरानं. तो विहिरीत उड्या मारतो, चिठ्ठ्या पोचवतो, मार खातो, मित्रासाठी पळत सुटतो. त्याच्या मुसलमान असण्याचं काय करायचं हा प्रश्न नागराज मंजुळेंना पडलेला दिसत नाही. आमच्या वर्गात असे चार सल्या होते. (त्या सिनेमातलं जोडपंही शेवटी मरतं ते राहत्या घरातच, हे मात्र कुठेतरी अडकून राहतं.)

कायद्याचं म्हणाल तर घराच्या बाबतीत तो लांब उभा आहे. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांचा उल्लेख आहे, म्हणजे बडोद्याचा आणि दौलताबादचा बंदोबस्त झाला. एखाद्यानं आपल्या वाड्यातली खोली कुणाला द्यावी हे त्यात नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा संस्थेचा नियम चालेल, असं ठरवलं. त्याच्या पुढच्याच वर्षी सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांना घर भाड्यानं घेताना आणि विकत घेताना येणाऱ्या अडचणींची नोंद आली. नोंद होऊन आता बरीच वर्षं झाली.

लोहगडवाडीत संध्याकाळी पाऊस उघडला. खाली पवनेचं पाणी दिसायला लागलं. मावशींनी बोट करून दाखवलं, "त्या तिकडं माजं म्हायेर. आता पान्याखाली हाय. मी ल्हान व्हते." गडाच्या दरवाजांवर अजून ढग होते. वर महादरवाजाच्या पुढे एक कबरीची इमारत आहे, आणि तिच्यावरून हल्ली जी भांडणं होतात त्यांत मी आज शिरत नाही. आई मात्र त्या दिशेला बघून काहीतरी पुटपुटली.

जेवायच्या आधी मावशींनी वही पुढे केली. "नाव ल्हिवा, पोलीस बगायला येत्यात." मी लिहिलं. मराठीत, पूर्ण, अब्बांसारखं अक्षर काढायचा प्रयत्न करत. नातवानं वही ओढून मोठ्यानं वाचलं. मावशींनी चुलीपाशी वळून एकदा आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग कोंबडी तुमास्नी चालायची न्हाई," त्या म्हणाल्या, "आमच्या हितं आमीच कापतो. आधी बोलला आसता तर कामशेतास्नं आनली आसती. आज अंड्याचा रस्सा खावा."

रस्सा झणझणीत होता. आईनं दोनदा मागून घेतला.